गढीवरची उलटी बाज

सूर्यभान गावंडे घराला कुलूप लावतो आणि ओढून पाहतो. ते तर सगळेच करतात. पण सूर्यभान चार पावलं जातो, परत येऊन पुन्हा ओढतो, आणि एसटीत बसल्यावर बायकोला विचारतो, "कुलूप लावलं होतं ना वं?" लग्नानंतरची काही वर्षं गोदाबाई सरळ उत्तर द्यायची. पुढं पुढं ती म्हणायला लागली, "नाई लावलं. सताड उघडं टाकून आलो." असं म्हटलं की तो गप्प बसतो, हे तिच्या लक्षात आलं होतं.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कोणाच्या घरी कार्य असो, सूर्यभान सकाळपासून हजर. कोणाची बैलजोडी चिखलात रुतली तर पहिला खांदा त्याचा. फक्त भरवसा म्हणून जी चीज असते ती देवानं त्याच्या वाट्याला फार बेतानं दिली. गाडीवर अमरावतीची पाटी स्वच्छ दिसत असली तरी तो कंडक्टरला विचारणार, आणि आत बसल्यावर शेजाऱ्यालाही विचारणार. दर्यापूरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या तर त्या मूर्तिजापूरच्या डॉक्टरला दाखवून आणणार. दोघांचं सारखंच मत पडलं, तर म्हणणार, "दोघं आतून एकमेकायले मिळेल असतीन."

आणि अशा या माणसाच्या नशिबी काम कोणतं यावं, तर आपलं घर, आपलं गाव, आपला वर्षाचा कापूस दुसऱ्याच्या नजरेवर सोडून निवांत बसायचं. वर्षातून एकच संध्याकाळ, पण बसायचं म्हणजे बसायचं.

ते कसं, हे कळायला आधी नदी बघावी लागेल. वाघजळी पूर्णेच्या या काठाला, अमरावती जिल्ह्यात. नांदखेडा त्या काठाला, अकोला जिल्ह्यात. मध्ये पात्र आणि त्यावर एक पूल. यांची वीज वेगळ्या वेळी जाते, त्यांची वेगळ्या वेळी. यांचं तहसील वेगळं, त्यांचं वेगळं. बाकी सगळं सारखंच. जमीन दोन्हीकडं काळी, विहिरींचं पाणी दोन्हीकडं खारं, आणि या गावच्या अर्ध्या पोरी त्या गावात दिलेल्या. तरीही वाघजळीच्या माणसाला नांदखेड्याचा माणूस जरा शेफारलेला वाटतो, आणि नांदखेड्याला वाघजळी कायम अडाणी वाटत आली आहे.

त्रिपुरी पौर्णिमेला मात्र दोन्ही गावं एक होतात. संध्याकाळी बाया नदीत दिवे सोडतात, आणि दिवे जरा पुढं गेले की दोन्ही घाटांवरून शोभेची दारू उडते. तिलाही रीत आहे. आधी एका काठानं उडवायचं, मग दुसऱ्यानं त्याला जबाब द्यायचा. यांनी भुईनळा लावला तर त्यांनी त्याहून उंच लावायचा. त्यांचं रॉकेट हिरवं फुटलं तर यांचं लाल फुटायचं. जबाब चुकला तर वर्षभर टोमणे ऐकायची तयारी ठेवायची. दर्यापुरातून, मूर्तिजापुरातून, पार अकोल्याहूनही माणसं बघायला येतात.

आता बघा, त्रिपुरी पौर्णिमा येते कापसाच्या दिवसांत. पहिला वेचा घरात आलेला असतो. ओसरीत कापूस, बैठकीत कापूस, काही घरांत तर माणसांना झोपायला जागा नसते. घरामागं सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे वाळक्या भुश्याच्या, गंजी, गेल्या सालच्या पऱ्हाटीच्या काड्या, गोठे. एक ठिणगी पडायचा अवकाश.

तशी ती एकदा पडलीच होती. सूर्यभानचे वडील नत्थुजी तेव्हा तरुण होते. अख्खी वाघजळी घाटावर, सगळ्यांची तोंडं नदीकडं आणि माना वर. मागं गावात एका गंजीवर रॉकेटची जळती काडी पडली. हे पाहिलं कोणी, तर समोरच्या नांदखेड्यानं, कारण त्यांची तोंडं इकडं होती. बिचारे जीव तोडून ओरडले. इकडच्यांना वाटलं, आपलं रॉकेट बघून खूश झालेत, म्हणून हेही उलट आणखी जोरात ओरडले. पाठीला धग लागली तेव्हा कुठं माना वळल्या. माणसं वाचली, पण त्या साली कित्येक घरांतला कापूस गेला.

मग दोन्ही गावचे म्हातारे पुलाजवळच्या देवळात बसले आणि ठरलं. वाघजळीची राखण नांदखेड्यानं करायची, नांदखेड्याची वाघजळीनं. प्रत्येक गावानं एक माणूस उंचावर बसवायचा. तोंड नदीकडं, नजर समोरच्या गावावर. जवळ लाल काचेचा कंदील आणि लांब बांबू. समोर कुठं ठिणगी दिसली की कंदील बांबूवर चढवून हालवायचा. समोरच्या राखणदारानं तो बघितला की खाली ओली बारदानी, म्हणजे पोती, घेऊन तयार असलेल्या माणसांना हाक द्यायची. इतकंच. आता खिशाखिशात फोन आहेत, कंदील कशाला, असं पोरं दरवर्षी विचारतात. एका वर्षी करून बघितलं. गर्दीत रेंज गेली, आणि ज्यांची राहिली त्यांना धडधडाटात घंटी ऐकू आली नाही. पुढच्या वर्षी कंदील परत आला.

वाघजळीची उंच जागा म्हणजे गढी. पांढऱ्या मातीचा तो जुना ढिगारा, भिंती कधीच्याच ढासळलेल्या. तिथं नत्थुजी दरवर्षी बाज नेऊन टाकायचे. त्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी काम सूर्यभानला दिलं. सूर्यभान पहिल्याच संध्याकाळी म्हणाला, "बाबा, मी आपल्याच गावाकडं पाहतो न. आपलं घर आपल्याले जास्त समजते."

नत्थुजी म्हणाले, "आपल्या गावाकडं पाह्याचं काम त्यायचं हाय. तू त्यायच्याकडं पाह्य."

पहिली काही वर्षं सूर्यभानचे फार हाल झाले. तोंड नदीकडं आणि जीव पाठीमागं. समोर नांदखेड्यात पाण्याच्या टाकीवर त्याच्यासारखाच एक जवान गडी बसायला लागला होता, खुशालराव काळमेघ. हा कोण, कसा, ह्याच्या नजरेत दम किती, काही माहीत नाही. सूर्यभान चोरून मान वळवायचा, आपलं घर बघायचा, पुन्हा समोर बघायचा.

मग एका साली टाकीवरचा लाल कंदील चढला. सूर्यभाननं हाक दिली, माणसं धावली. बघतात तर सूर्यभानच्याच गोठ्याच्या छपरावर ठिणगी. बारदानं टाकलं, विझली. गढीवरून त्याला स्वतःला ती दिसली नसती, कारण मध्ये निंबाचं झाड होतं. त्या रात्री रीतीप्रमाणं दोघं राखणदार पुलावर भेटले आणि नांदखेड्यात जेवायला बसले. ही जेवणाची पाळी असते, एक साल इकडं, एक साल तिकडं. त्या दिवसापासून सूर्यभानचा दुनियेत एका माणसावर भरवसा बसला.

किती बसला, ते आचलच्या लग्नात दिसलं. आचल म्हणजे त्याची पोरगी. तिच्यासाठी स्थळं यायला लागली तेव्हा सूर्यभाननं मोर्शीपासून धामणगावपर्यंत चौकश्या करून माणसं हैराण केली. एका पोराच्या तर शाळेतल्या मास्तरलाही जाऊन भेटला. पण खुशालरावांनी आपल्या गजेंद्रसाठी विचारलं, तेव्हा सूर्यभाननं कोणाला काहीच विचारलं नाही. हो म्हणाला आणि मोकळा झाला. गोदाबाईला वाटलं, याची तब्येत बिघडली.

तर असे हे दोघं, आधी राखणदार, मग दोस्त, मग व्याही. आणि या चैत्रात बिनसलं. कशावरून, तर रोडग्यावरून.

वाघजळीच्या मारुतीला नवसाचे रोडगे होते. गोवऱ्यांच्या अंगारात रोडगे भाजणं हे सूर्यभानचं खास काम, त्याला कोणी हात लावायचा नाही. राख झटकून, तूप लावून, वांग्याच्या भाजीसोबत पंगतीत वाढले. नांदखेड्याची पाहुणेमंडळी पहिल्या पंगतीला. खुशालरावांनी रोडगा फोडला, आत बोट लावलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "इवाई, आतमंधी पीठच हाय. कच्चे राह्यले."

सूर्यभानच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो म्हणाला, "रोडगे कच्चे नाई राह्यले. तुमचे दात राह्यले नाई."

खुशालरावांनी महिनाभर आधीच कवळी बसवली होती. पंगत हसली. खुशालराव भरल्या ताटावरून उठले, चपला घातल्या आणि पूल ओलांडून निघून गेले. ताटावरून उठून जाणं म्हणजे काय, हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही.

तेव्हापासून बोलणं बंद. आचल माहेरी आली की गजेंद्र तिला पुलापर्यंत सोडतो आणि परत फिरतो. दोघी विहिणी फोनवर रोज बोलतात, पण नवरे समोर आले की फोन ठेवतात. बाकी दुनिया हसते आहे. दोन पिकलेली माणसं, दोन्ही घरी नातवंडांची वाट पाहतात, आणि भांडण पिठाचं.

दिवाळीपर्यंत ते चेष्टेतच राहिलं. पण त्रिपुरी पौर्णिमा जवळ आली आणि सूर्यभानची झोप गेली. या साली कापूस चांगला आला होता. पावसानं मध्ये दगा दिला, बोंडअळीनं पोखरलं, तरी जे हाती आलं ते पांढरंशुभ्र होतं आणि सगळं घरातच होतं. किशोर, त्याचा मुलगा, नोकरीसाठी तिवश्याला असतो. त्याची खोलीसुद्धा कापसानं खिडकीपर्यंत भरली होती. आणि हे सगळं सांभाळणार कोण, तर ताटावरून उठून गेलेला माणूस. सूर्यभानला तो टाकीवर बसलेला डोळ्यांसमोर दिसायचा, तोंड फिरवून, पान चघळत. जळो म्हणत असेल. मुद्दाम नाही म्हणणार, पण डोळ्यांत तेल घालून तरी कशाला पाहील.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी कंदिलाची काच पुसता पुसता तो गोदाबाईला म्हणाला, "मी यंदा बाज फिरवतो. तोंड आपल्या गावाकडं."

गोदाबाई वाती वळत होती. ती म्हणाली, "मंग आचलच्या घराकडं कोन पाह्यन?"

"तिचा सासरा हाय न तिथं. तो काय आपल्याकडं पाहून राह्यला असन? तोबी आपल्याच गावाकडं तोंड करून बसला असन. ज्याचं त्यानं पाह्याचं. काय बिघडते?"

"तुमाले त्यायनं सांगतलं?"

"मले समजते."

गोदाबाईनं वाती ताटात ठेवल्या. "तुमाले समजत असतं तं काय पाह्यजे होतं," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

दिवस कलला तसा सूर्यभान बाज डोक्यावर घेऊन गढीवर चढला. खाली, गावाकडच्या अंगाला, शेजारी देवराव ओली बारदानी पिंपाजवळ रचत होता. देवराव बारदान्यांच्या तुकडीचा मुकादम. त्याचा गोठा अगदी गढीला टेकून, नदीच्या अंगाला. तो खालूनच म्हणाला, "काय सूर्यभानभाऊ, नजर ठेवजा."

"ठेवतो न," सूर्यभान म्हणाला. कुठं ठेवतो ते बोलला नाही.

बायांनी दिवे सोडले. चंद्र वर आला, लालसर, मोठा. सूर्यभाननं बाज फिरवली आणि नदीकडं पाठ करून बसला. समोर आपलं गाव. सगळ्यांची घरं रिकामी, माणसं घाटावर. आपल्या घराच्या छपराचे टिन, निंबाचं झाड, गोठा, कुटाराची गंजी, सगळं कसं नजरेत. त्याला बरं वाटलं. इतक्या वर्षांत या संध्याकाळी पहिल्यांदा त्याची मान दुखत नव्हती.

पाठीमागं पहिलं रॉकेट सुटलं. वाघजळीचं. टिन क्षणभर लाल झाले. मग तिकडून जबाब आला, टिन हिरवे झाले. माणसं ओरडली. सूर्यभानला रंग फक्त टिनांवर दिसत होते, आणि आवाज फक्त पाठीला लागत होते. असं बराच वेळ चाललं. काही पडलं नाही, काही पेटलं नाही. वारं मधून मधून फिरत होतं खरं, पण त्याची नजर पक्की होती.

मन मात्र पक्कं नव्हतं. आचल लहान असताना याच बाजेवर त्याच्या शेजारी येऊन बसायची. चहाची बाटली घेऊन यायची आणि दरवर्षी तोच प्रश्न विचारायची, "बाबा, आपलं घर जळलं तं?" तो म्हणायचा, "खुशालकाका पाह्यते न." एवढ्यानं तिचं समाधान व्हायचं, ती वर फटाके बघायला लागायची. आता ती त्या काठाला होती, आणि तिच्या घराकडं कोण बघत होतं याचं उत्तर सूर्यभानकडं नव्हतं. तिचा सासरा बघत असेल. असेलच. तो बाजेवर सरकून बसला, पण मागं वळला नाही. एकदा वळलो तर गोदाबाई खरी ठरेल, असंही त्याला आतून वाटत होतं.

मग वाघजळीनं एक मोठं झुंबर उडवलं. ते फुटलं, विखुरलं, खाली आलं. जबाब आला नाही.

वाघजळीनं आणखी एक उडवलं. तिकडं गप्प. घाटावर हशा पिकला, "संपले वाट्टे त्यायचे," कोणीतरी म्हणालं. पण सूर्यभान बाजेवरून उठला. नांदखेडा उधारीवर फटाके आणेल, पण जबाब चुकवणार नाही, हे तो जन्मापासून जाणत होता. तो वळला.

समोरचा घाट अंधारा होता. सगळी नांदखेड्याची माणसं पाण्याच्या कडेला येऊन हात हालवत होती, ओरडत होती. आणि टाकीवर लाल कंदील वरखाली, वरखाली होत होता. बांबू धरणारा माणूस उभा होता. त्याचं तोंड सरळ इकडं होतं.

सूर्यभाननं पहिल्यांदा आपल्या घराकडं बघितलं. ठीक. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. सगळं ठीक. मग तो गढीच्या नदीकडच्या कडेला गेला आणि खाली वाकला. इतका वेळ त्याची पाठ होती तिकडं, अगदी त्याच्या बुडाखाली, देवरावच्या गोठ्याला लागून असलेल्या कुटाराच्या गंजीतून धूर निघत होता. वरची बाजू लाल दिसत होती. आत देवरावच्या म्हशी दावं ओढत होत्या.

"देवराव, तुही गंजी पेटली," तो ओरडला. एवढंच ओरडला आणि उताराच्या मातीवरून घसरतच खाली आला. बारदानी पडली, पिंप उलटं झालं, घाटावरून माणसं बादल्या घेऊन पळत आली. देवरावच्या बायकोनं म्हशींची दावी विळ्यानं कापली. सूर्यभान हातानंच कुटार ओढून बाजूला फेकत होता, हाताला चटके बसले ते त्याला नंतर कळलं. गंजी आतून धुमसली, फसफसली आणि विझली. एक कोपरा काळा झाला, बाकी सगळं होतं तसं राहिलं.

देवराव मटकन खाली बसला. गोठ्यापलीकडं त्याचं घर, कापसानं भरलेलं. त्यापलीकडं बोळ, आणि बोळापलीकडं सूर्यभानचं घर. अजून थोडा वेळ गेला असता तर कोणाचं काय राहिलं असतं, हे मोजायला कोणी थांबलं नाही. बाया रडत होत्या आणि हसतही होत्या. देवरावनं सूर्यभानचे हात धरले आणि म्हणाला, "भाऊ, तुमी पाह्यलं म्हनून."

सूर्यभानला वाटलं, या गढीनं आपल्याला पोटात घ्यावं. तो म्हणाला, "मी नाई पाह्यलं. त्यानं पाह्यलं." देवरावला वाटलं, मोठेपणानं बोलतो आहे.

तो पुन्हा वर चढला. टाकीवरचा कंदील अजून खाली आला नव्हता, इकडच्या उत्तराची वाट बघत होता. सूर्यभाननं आपला कंदील उंच करून सावकाश खाली आणला, म्हणजे विझलं. मग तिकडचाही खाली आला. तेव्हा सूर्यभानचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच त्याला दुसरी गोष्ट सुचली. खुशालराव किती वेळ कंदील हालवत होता. रॉकेटांच्या उजेडात त्याला गढी लख्ख दिसत असणार, आणि गढीवर आपली पाठ. म्हणजे त्याला ठाऊक होतं की त्याच्या गावाकडं आज कोणी बघत नाही. त्याचं घर, त्याचा कापूस, घरात त्याची सून, सगळं उघड्यावर. तरी तो वळला नव्हता.

सूर्यभाननं बाज उचलून फिरवली आणि बसला. नांदखेड्यानं उरलेले फटाके उडवले, वाघजळीनंही जरा बेतानं जबाब दिले. एकाही रॉकेटकडं त्यानं मान वर करून बघितलं नाही. नांदखेड्याचं एकेक छप्पर, एकेक गंजी तो बघत राहिला. आचलच्या अंगणातला दिवा त्याला ओळखू आला. शेवटचा भुईनळा विझेपर्यंत तिकडं काही झालं नाही. काहीच झालं नाही, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. फार वेळ पापणी न लवल्यानं येतं तसं, असं तो स्वतःला सांगत होता.

या साली जेवणाची पाळी नांदखेड्याची होती. सूर्यभाननं जायचं नाही असं केव्हाच ठरवलं होतं. आता तो घरी आला, तोंड धुतलं, भाजलेल्या हाताला खोबरेल लावलं आणि म्हणाला, "चाल."

"कुठी?" गोदाबाईनं विचारलं, पण तिनं नवं लुगडं आधीच नेसलं होतं.

पूल ओलांडताना अर्ध्यावर ती थांबली. "अवो, कुलूप लावलं का?"

सूर्यभानही थांबला. "राह्यलं वाट्टे," तो म्हणाला, आणि पुढं चालू लागला.

खुशालराव टाकीवरून उतरून पुलाच्या टोकाशी उभे होते, कंदील हातात. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. गोदाबाई पुढं निघून गेली.

"हात दुखला असन," सूर्यभान म्हणाला.

"खांदाबी."

"माही पाठ दिसत होती तुमाले."

"दिसत होती न. रॉकेट फुटलं का दिसे. मी म्हनलं, हा मानूस झोपला का रुसला."

"मंग तुमी काहून नाई फिरले? तुमच्या गावाकडं कोनीच पाहत नव्हतं."

खुशालरावांनी कंदील दुसऱ्या हातात घेतला. "तुमच्या गावाकडं पाह्याचं काम माह्यं हाय," ते म्हणाले. "मी फिरलो असतो तं तुमची गंजी कोनाले दिसली असती? चाला, पोरीनं सैपाक करून ठेवला."

दोघं चालायला लागले. सूर्यभानला बोलावंसं वाटत होतं, पण माफी मागायची सवय त्याला नव्हती. ज्याला कोणावर भरवसा ठेवायचा नसतो त्याला माफी मागायची वेळही कमीच येते. घरी आचलनं पाट मांडले होते. ती बापाच्या हाताकडं बघून काही विचारणार होती, पण गोदाबाईनं तिला डोळ्यांनी थांबवलं. गजेंद्रनं पाणी आणून दिलं. ताटात पोळी होती, वांग्याची भाजी होती, आणि तुपाची वाटी.

वांग्याची भाजी बघून सूर्यभान थांबला. घास हातात तसाच राहिला. खुशालरावही थांबले. सगळं घर त्यांच्याकडं बघायला लागलं, आता हा उठतो की काय म्हणून.

"इवाई," सूर्यभान म्हणाला, "ते रोडगे कच्चेच होते."

खुशालरावांनी तुपाची वाटी जरा बाजूला सरकवली.

"मले पंगतीतच मालूम झालं होतं. मी माह्या ताटातला उचलला आन् मागच्या दारानं गाईपुढं टाकला."

खुशालरावांनी शांतपणे आपला घास खाल्ला, पाणी प्यायले, आणि विचारलं, "गाईनं तरी खाल्ला का?"

"नाई," सूर्यभान म्हणाला. "हुंगला आन् तोंड फिरवलं."

आधी आचल हसली, मग गोदाबाई, मग विहीण पदर तोंडाला लावून आत पळाली. खुशालराव इतके हसले की त्यांना हात लावून कवळी सांभाळावी लागली. सूर्यभान हसला नाही. त्यानं खाली मान घालून पोळीचा घास भाजीत बुडवला आणि पोटभर जेवला.